वाऱ्याची पाळी

सायकल मी सूड घ्यायला घेतली. आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हाताऱ्याला व्यायामाची आवड लागली असं कुणीतरी समजायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतो, आपलाच मराठी माणूस. माझ्या बायकोला त्याने गरजेच्या वेळी जसं सोडलं, तसं त्याला एकदा भर रस्त्यात सोडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी हॅम्बर्गमध्ये एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला आहे. सातवी शिकलेला माणूस. आधी भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, आता सूपच्या काउंटरला उभा असतो. तो त्याच कंपनीत वर ऑफिसात. नागपूरकडून नवा नवा आला तेव्हा एकटा होता, स्वयंपाक येत नव्हता. बायको येईपर्यंत दोन हिवाळे तो आमच्याकडे जेवला. "जयभीम काकू, वास पार वरपर्यंत आला," असं म्हणत दारात उभा राहायचा. मी कधी कुरकुरलो तर बायको म्हणायची, "येऊ द्या हो. पोरगं उपाशी आहे." उपाशी कसलं, चांगला पगार होता त्याला.

पुढे माझ्या बायकोला हृदयाचं दुखणं लागलं. इथे मोठ्या डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे तारीख, मिळायला महिने जातात. तिची तारीख आली आणि नेमका त्याच दिवशी बस, ऊबान म्हणजे मेट्रो, सगळ्यांचा संप. टॅक्सीला फोन केला तर फोनच लागेना. म्हणून मी वर त्याच्याकडे निघालो. तो खालीच भेटला, गाडीच्या टपावर सायकल बांधत होता.

"काका, अहो आज नेमकं कसं? मी ट्रेनिंगला निघालोय, डेन्मार्कच्या बाजूला. सगळे थांबलेत माझ्यासाठी."

"काकूला हृदयाच्या डॉक्टरकडे न्यायचंय, वाटेत सोड फक्त. दवाखाना वाटेतच आहे."

"वाटेत नाही ना काका. आणि आज ट्रॅफिक बघा. डॉक्टरला फोन करून टेर्मिन बदलून घ्या, देतात ते."

दिला बदलून. दोन महिन्यांनंतरचा दिला. तेवढे दिवस तिच्याजवळ नव्हते.

ती त्या दिवशी गेली असती तर वाचली असती का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाड्याच्या हॉलमध्ये हा माणूस उभा राहिला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "काकू म्हणजे माझी दुसरी आई." लोकांनी डोळे पुसले. मी पहिल्या खुर्चीवर बसलो होतो. उठून त्याच्या हातातून माइक काढून घ्यावा असं वाटलं, पण शेजारी बसलेल्या आमच्या पोरीने माझा हात धरून ठेवला होता.

त्यानंतर कंपनीत सायकलची योजना आली. कंपनी दुकानातून सायकल भाड्याने घेते, आपण चालवायची, आणि तीन वर्षं पगारातून थोडे थोडे कापतात. कँटीनवाल्यांनाही होती. मला ते त्यानेच सांगितलं, सूपचा बाउल पुढे करत.

"काका, तुम्हीपण घ्या ना. ई-बाइक घ्या, पुढे टोपली लावून. भाजी आणायला बरी."

"तुझ्यासारखी वाकड्या हँडलची नाही मिळत का?"

"रेनराड? रेसची सायकल?" तो हसला. "कंबर मोडेल हो. त्यात हिवाळा. आम्ही पोरंसुद्धा पडतो."

चाळिशी उलटली आहे याची. पोरं म्हणे. मी बाउल काठोकाठ भरून दिला, म्हणजे जाताना सांडेल.

पर्सोनाल, म्हणजे एचआरमधल्या बाईने मला विचारलं, तीन वर्षं तुम्ही कामावर राहणार ना, नाहीतर सायकल परत द्यावी लागेल. खरं तर त्या वर्षी मी निवृत्ती घेणार होतो. आम्ही दोघं अकोल्याला जाऊन राहणार होतो. आता कुणासोबत जाऊ? राहणार, म्हटलं.

दुकानात गेलो. तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा, पांढरी शेंडी मागे बांधलेला. त्याने पहिल्यांदा कार्बनची दाखवली. एका हाताने उचलली तर वर आली. खोटं कशाला बोलू, मला लालूच सुटली. महिन्याला कापायचे पैसेही फार जास्त नव्हते. पण त्याने विचारलं, कधी चालवणार? मी माझ्या किचनच्या जर्मनमध्ये सांगितलं: हिवाळ्यात, रोज कामावर, आणि रविवारी एका माणसाबरोबर.

"आल्झो," म्हणजे असं तर, म्हणाला आणि कार्बनची परत टांगली.

मग कोपऱ्यातून एक काढली. अल्युमिनियमची, गेल्या वर्षीचा माल, रंग पिकलेल्या भोपळ्यासारखा, म्हणून पडून राहिलेली. तो म्हणाला, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात ते चेन खातं, तर चेन साधी पाहिजे, मोडली की स्वस्तात बदलता यावी. ब्रेक चकतीचे पाहिजेत, ओल्या वाळूत रिमवरचे ब्रेक रिमच झिजवतात. टायर रुंद पाहिजे. आणि मडगार्ड बसवायला भोकं पाहिजेत. या सगळ्यात ती बसत होती. मी बसून बघितलं. हँडल खाली होतं, पोट मध्ये येत होतं, पण पाय नीट पोचत होते.

"मागचा मडगार्ड नको," मी म्हटलं. "तेवढंच स्वस्त पडेल."

"मागचा तुझ्यासाठी नसतो. तुझ्या मागून येणाऱ्यासाठी असतो. हिवाळ्यात त्याच्याशिवाय ग्रुपमध्ये कुणी घेत नाही." मग त्याने समजावलं. वारा समोरून असला की सगळे एकामागे एक चालतात. पुढचा वारा खातो, मागचे आरामात. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. प्रत्येकाने आपली पाळी घ्यायची. न घेणाऱ्याला इथे लुट्शर म्हणतात, म्हणजे चोखून खाणारा. त्यापेक्षा मोठी शिवी यांच्यात नाही म्हणे.

तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त त्याच्या पुढे जायचं होतं. दुकानात उभ्या उभ्या मला कळलं की पुढे जायची गरजच नाही.

मडगार्ड दोन्ही बसवून घेतले. चिखल उडवून माझं समाधान होणार नव्हतं.

पुढचे महिने रोज कामावर सायकलने गेलो. पहिल्या आठवड्यात दोनदा पडलो. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईचं दुःख असं रस्त्यावर घालवायचं का?" मी म्हटलं, घालवत नाहीये, जपतोय. नातू मागून जर्मनमध्ये काहीतरी विचारत होता, आजोबा रेसमध्ये उतरणार का. हो म्हणून सांग, म्हटलं.

मग रविवारी कंपनीच्या ग्रुपबरोबर जायला लागलो. तो ग्रुपचा पुढारी. पहिल्या दिवशी माझी भोपळी सायकल बघून म्हणाला, "काका, भारी. लांबून दिसाल, हरवणार नाही." जर्मन लोकांबरोबर मी माझी पाळी प्रत्येक वेळी घेतली. धाप लागायची, छातीत आग व्हायची, तरी घेतली. उद्या कुणी मला लुट्शर म्हणायला नको. मी वाट बघत होतो फक्त आम्ही दोघंच असू अशा रविवारची.

जानेवारीत तसा रविवार आला. पश्चिमेचा वारा, मधूनच बर्फाचा चुरा. ग्रुपवर एकेकाने नाही कळवलं. हा मात्र मागे हटणार नव्हता, कारण मी हो म्हटलं होतं.

एल्बे नदीच्या बांधावरून निघालो. झाड नाही, घर नाही, नुसता वारा. तो पुढे, मी त्याच्या चाकामागे. थोड्या वेळाने त्याने कोपर हलवलं, म्हणजे आता तू ये. मी गेलो नाही. पुन्हा हलवलं. मग मागे वळून म्हणाला, "काका, तुमची पाळी."

"चालू दे तुझी."

"दमलात का? सांगा तसं."

"नाही दमलो."

तो हसला आणि जोरात निघाला, मला मागे टाकायला. मी चाक सोडलं नाही. बराच वेळ असं चाललं. नंतर त्याचं हसणं बंद झालं, खांदे हलायला लागले. बाजूला झाला तर मीही त्याच्या मागे बाजूला झालो. थांबला तर मीही थांबलो.

"काका, हे काय चाललंय? असं नसतं करायचं. ग्रुपचा नियम आहे."

"दोन हिवाळे आमच्या घरात जेवलास. तुझी पाळी आली तेव्हा काय केलंस?"

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. चेहरा बदलला त्याचा. "काका, तुम्ही अजून ते... मला काय माहीत असं होईल? मला सांगायचं ना इतकं सिरियस आहे."

"दवाखाना सांगितला होता. हृदय सांगितलं होतं. आणखी काय सांगायचं राहिलं होतं?"

तो सायकलवर बसला आणि परत वाऱ्यात घुसला, रागाने. रागात माणूस लवकर संपतो, हे मला स्वतःवरून माहीत आहे. पुढच्या गावाची पाटी दिसेपर्यंत त्याचे पाय फिरेनासे झाले. ओठ पांढरे. बांधाच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि खिसे चाचपले. सकाळी घाईत काही घेतलं नव्हतं बहुतेक.

"काका," म्हणाला, "काही खायला आहे का?"

माझ्या खिशात शेंगदाण्याचे लाडू होते. तिच्यासारखे होत नाहीत माझ्याकडून, गूळ कमी-जास्त होतो. मी एक काढला, त्याच्यासमोर उभा राहून खाल्ला. नीट चावून खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तो बघत होता. मागितला नाही परत.

"बायकोला फोन कर. गाडी घेऊन येईल," मी म्हटलं. "आज संप नाहीये."

त्याने मोबाइल काढला. तो दोनदा हातातून खाली पडला. नंबर लागल्याचं मी बघितलं, तिचा आवाज ऐकू आला, मग निघालो. मागून त्याने हाक मारली, "काका, थांबा ना. ती येईपर्यंत तरी थांबा." मी थांबलो नाही. वारा आता माझ्या एकट्याच्या तोंडावर होता आणि मला तो आवडला.

दुसऱ्या आठवड्यापासून तो कँटीनमध्ये सूप घेत नाही. सलाडच्या रांगेत उभा राहतो, माझ्याकडे पाठ करून. जिन्यात भेटला तर मान खाली घालतो. त्याच्या बायकोने पोरीला फोन करून सांगितलं की तुझे बाबा बरोबर वागले नाहीत, माणूस थंडीत मेला असता.

पोरगी मला म्हणाली, "बाबा, आई असती तर तिने सगळे लाडू दिले असते त्याला."

दिले असते. मला माहीत आहे. म्हणूनच तो दोन हिवाळे आमच्या दारात येत होता.