खालापूरचं 'चेर्नोबिल'

मंडळी, आज घडलं ते लगेच लिहितेय.

आज सकाळी आमच्या भिसेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज आला, खालापूरच्या एका केमिकल कंपनीत 'चेर्नोबिल' झालंय. माझा नवरा त्याच कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. आत फोन नेऊ देत नाहीत.

सासूबाईंनी विचारलं, "चेर्नोबिल म्हंजी काय गं?"

"युक्रेनमधलं ठिकाण आहे आई. तिथल्या अणुभट्टीत स्फोट झाला होता. माणसांना घरंदारं सोडावी लागली."

"मग आपल्या खालापुरात अणुभट्टी हाय?"

माझ्या माहितीत तरी नव्हती. मोबाईलवर डिक्शनरी उघडली. इंग्रजीत कुठल्याही भयंकर दुर्घटनेला चेर्नोबिल म्हणतात, असं कळलं. पण तोवर शेजारच्या ताई मुलांना घेऊन कशेळ्याला माहेरी निघाल्यासुद्धा होत्या.

अकराला गेटबाहेर येऊन नवऱ्याने फोन केला. टाकीचा व्हॉल्व्ह गळला होता. दोघांच्या डोळ्यांची आग झाली, त्यांना दवाखान्यात नेलं. हा ठीक होता.

"अणूबिणू काय नाय गं," तो म्हणाला.

"मग गळलं काय?"

"ते आमाला कुणी सांगितलं नाय."

मेसेज पाठवणाऱ्यावर मी सकाळी फार चिडले होते. आता राग गेलाय, भीती तेवढी राहिलीय. उद्या तो परत कामावर जाणार आहे.

तुमच्या घरचं कुणी अशा कंपनीत असेल, तर तिथल्या टाक्यांत काय भरलंय हे त्यांना ठाऊक आहे का? आज विचारून बघाल?