ढोरांचे डॉक्टर आणि त्यांचं विमान

स्वतःच्या हातानं आवळलेल्या नटावर डॉक्टरांचा काडीचाही विश्वास नव्हता. दुसऱ्यानं आवळलेला असेल तर ते एकदा हात लावून बघत आणि पुढे सरकत. स्वतः आवळलेला असेल तर मात्र मला हाक मारत, "मास्तर, इकडं या. हे मी केलंय, म्हणून तुम्ही बघा." आणि हे नट काही सायकलीचे नसायचे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणून बसवलेलं कापड आणि पाठीमागे एक इंजिन असं ते एका माणसापुरतं विमान होतं. डॉक्टरांनी ते शहरात, गारखेड्यातल्या आपल्या राहत्या घरात बांधलं होतं.

डॉक्टर माणसांचे नव्हेत, जनावरांचे. करमाडच्या पुढच्या एका गावात, मेंढरं वळणाऱ्या घरात त्यांचा जन्म. शिकले, सरकारी दवाखान्यात लागले, शहरात घर बांधलं, तरी गावाकडे त्यांना 'ढोरांचे डॉक्टर' असंच म्हणत आणि ते अभिमानानं ओ देत. मी त्यांचा शेजारी. शाळेत मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात एका छापखान्याची प्रुफं तपासायचो. विमानाची तपासणी डॉक्टरांनी माझ्या गळ्यात घातली तेव्हा मी हात जोडून म्हणालो, "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "मला कळतं, म्हणून मला दिसत नाय. नट तिथं असणारच असं धरून माझे डोळे पुढं जातात. लिहिणाऱ्याला सोताची चूक दिसती का? तुम्हीच सांगा."

तेव्हापासून उड्डाणाच्या दर सकाळी मी विमानाभोवती फिरू लागलो. नाकापासून शेपटीपर्यंत एकेका जोडाला बोट लावायचं आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, अशी पद्धत होती. नाव घेतलं आणि बोट लावलं नाही, तर पुन्हा नाकापासून सुरुवात. एकदा मी शेपटीपाशी पोचलो असताना एक शेतकरी आपली गाय कधी गाभण राहील ते विचारायला आला. डॉक्टरांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं आणि मला म्हणाले, "चला मास्तर, पहिल्यापास्नं." माझा असा संताप झाला होता! पण तपासणीत खंड पडला की ती तपासणीच नव्हे, हे त्यांचं म्हणणं. त्या रागातच मी पुन्हा नाकाशी जाऊन उभा राहिलो.

विमान बांधायला कैक वर्षं गेली. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी डावा पंख दिवाणखान्यात आडवा होता. खिडकीपासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. वहिनींनी तो हलवायला सांगितला, तर म्हणे रोगण ओलं आहे. शेवटी पाहुणे पंखाच्या अलीकडे बसले आणि मुलगी पलीकडून पोहे घेऊन आली. वहिनी संकोचानं अर्ध्या झाल्या होत्या. डॉक्टरांना त्याचं काही नाही. त्यांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "ह्या शिवणीवरनं जरा बोट फिरवता का? कुठं सैल लागतंय?" त्या मुलानं बशी खाली ठेवली, हात पुसले, गुडघ्यावर बसून अख्खी शिवण चाचपली आणि एका जागी थांबून म्हणाला, "इथं दोन टाके ढिले आहेत." ते होतेच. डॉक्टर आत गेले आणि वहिनींना म्हणाले, "पोरगं पसंत हाय." मुलीलाही पसंत होतं, हे आमचं नशीब.

आमच्या गल्लीला विमानाचं कौतुक होतं, पण त्या कौतुकाचा शेवट ठरलेला असे. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरचे वकील, सगळ्यांचं एकच म्हणणं, "डॉक्टर एक ना एक दिवस पडणार." वहिनींच्या तोंडावर कुणी बोलत नसे, पण बायकांच्या कानाला असल्या गोष्टी बरोबर पोचतात. विमान पुरं झालं तेव्हा त्यांनी माझ्यादेखत नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा, तुम्ही पडणार का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "वर जाणं काय, कोन्ही बी जाईल. मी खाली यायचंच शिकलोय."

हे नुसतं बायकोची समजूत घालणं नव्हतं. ते बाहेरगावी जाऊन रीतसर उडवायला शिकून आले होते. परवानगीच्या कागदांसाठी त्यांनी इतके हेलपाटे घातले की तेवढ्यात दुसरा एखादा पायी दिल्लीला पोचला असता. गावाकडे वडिलांच्या वाटणीची मुरमाड पट्टी होती. तिथले दगड वेचून त्यांनी धावपट्टी केली आणि पत्र्याच्या शेडमध्ये विमान ठेवलं. उड्डाण फक्त सकाळी, ऊन चढायच्या आत. नंतर तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि वावटळी उठतात, तेव्हा ते विमानावर ताडपत्री टाकून चहा पीत बसत. पेट्रोल मलमलच्या फडक्यातून गाळून घेत. इंजिन चालू असतानाही उतरताना ते मंद करून, ते बंदच पडलंय असं समजून उतरत. म्हणजे खरंच बंद पडलं तर काही वेगळं करायला नको.

आणि आदल्या संध्याकाळी ते उतरायची दुसरी जागा बघून येत. लांबून नव्हे, पायी चालून. पट्टीवर उतरता आलं नाही तर कुठे? पुढे दुष्काळ पडला त्या वर्षी ती जागा म्हणजे गावचा पाझर तलाव होता. तळ पार कोरडा पडलेला. डॉक्टर तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाच आपटत जात, भेगा बुजवत आणि दगड उचलून कडेला टाकत. मी एकदा म्हणालो, "धावपट्टी असताना ही हमाली कशाला?" ते म्हणाले, "पट्टी माझी हाय मास्तर, पर नेहमी मोकळीच सापडंल असं तिनं लिहून दिलंय का?"

तो दुष्काळ वाईट होता. गावाला टँकरचं पाणी, माळावर जनावरांची छावणी आणि छावणीत दिवसभर डॉक्टर. गावकऱ्यांच्या मनात त्यांच्याविषयी माया होती. पण ढगांवर फवारा मारून पाऊस पाडतात अशा बातम्या त्याच सुमारास पेपरात येत होत्या. झालं, काही मंडळी नारळ घेऊन पट्टीवर हजर. "डॉक्टर, आपल्याच शिवारावर मारा फवारा." डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं की हे विमान ढगांच्या गुडघ्यालाही पोचत नाही. कुणाला पटलं नाही. मग आभाळ भरून यायचं, दोन दिवस थांबायचं आणि निघून जायचं, असं सुरू झालं. गावात आवई उठली की डॉक्टरांचं विमानच ढग पळवतं.

यात सगळ्यात पुढे आबा होते. आबा डॉक्टरांचे लांबचे चुलते. गावात मेंढरांचा मोठा कळप त्यांचाच होता आणि चाऱ्यावाचून तो डोळ्यांदेखत आटत चालला होता.

एका सकाळी आभाळ गच्च होतं, पण ढग उंच होते आणि वारा पडलेला होता. डॉक्टर उडाले. विमान टेकडीपलीकडे गेलं तोच आबा आणि गावचे दहा-बारा लोक बाभळीच्या काट्या ओढत आले आणि पट्टीवर आडव्या टाकू लागले. मी धावत गेलो. "आबा, अहो, माणूस वर आहे!"

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. "वर कशाला गेलाय त्यो? आभाळ हाकलाया. आज येऊ दे खाली, मग इचारतो."

"पण खाली येणार कुठे?"

याचा विचार कुणीच केला नव्हता. उतरू दिलं नाही की माणूस वर थांबतो, असंच बहुधा त्या भल्या लोकांना वाटत असावं. आबांच्या हातातली काटी तशीच राहिली. मी एकटा काट्या ओढायला लागलो, मग दोघं-तिघंही लागले, पण बाभळीच्या फांद्या एकमेकींत अशा अडकल्या होत्या की एक ओढावी तर चार सोबत यायच्या. तेवढ्यात टेकडीवरून इंजिनचा आवाज आला. डॉक्टरांनी नेमून दिलेलं एक काम मला तेव्हा आठवलं, हे मी माझं भाग्य समजतो. शेडमध्ये वहिनींचं जुनं लाल लुगडं होतं. पट्टीवर गडबड असेल तर ते आडवं पसरायचं, असं ठरलेलं होतं. मी ते पसरलं. विमान पट्टीवरून एकदा गेलं, पंख हलवून 'कळलं' अशी खूण केली आणि तलावाकडे वळून बांधामागे दिसेनासं झालं. मग इंजिनचा आवाज थांबला.

आम्ही सगळेच पळालो. आबा अनवाणी, सगळ्यांच्या पुढे, "डॉक्टर! आरं लेकरा!" म्हणून ओरडत. बांधावर चढून पाहतो तर खाली तळात विमान सरळ उभं होतं आणि डॉक्टर त्याच्या चाकांपाशी वाकून बघत होते. आबा मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. माझंही काही फार वेगळं चाललं नव्हतं.

डॉक्टर वर आले. वाटलं, आता आबांची काही खैर नाही. ते आबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, काट्या लई झ्याक टाकल्या. एक बी जागा सुटली नाय." मग उठून त्यांनी मला नट खोलायचे पाने आणायला पाठवलं आणि तिथंच विमानाचे दोन्ही पंख उतरवले. "हे न्या बिरोबाच्या देवळात. पाऊस येईस्तोवर तिथंच ऱ्हाऊ द्या. पंखाबिगर मी काय उडत नाय."

मी शहरात परतताना चिडून बोललो, की एवढी अक्कल असलेल्या माणसानं या अडाणीपणापुढे मान तुकवायची? डॉक्टर म्हणाले, "मास्तर, त्यांची मेंढरं मरायलीत. मी हौसंसाठी उडतोय. खाली माणसं जळत असताना वर मजेत फिरायचं, हे मला सोभतं का?" त्यांच्याविषयी मला आधीपासून अभिमान होता. पण तो त्या दिवसापर्यंत विमानाचा होता, त्या दिवसापासून माणसाचा झाला.

पंख देवळात गेले, आणि पाऊस काही आला नाही. श्रावण गेला, भादवा गेला, आभाळ येतच होतं आणि जातच होतं. एका सकाळी आबा गारखेड्यात दारात उभे. वहिनींनी दिलेलं पाणी पिऊन म्हणाले, "डॉक्टर, पंख घिऊन जा. तुम्ही न उडता बी ढग पळायलेत." देवळात गेलो तर पंखांना उंदीर लागू नये म्हणून गावानं ते दोरानं आढ्याला टांगले होते आणि खाली पाळीपाळीनं माणूस झोपत होता. तरी डॉक्टरांनी ते अंगणात उतरवून शिवण अन् शिवण चाचपायला घेतली. आबांना ते लागलं. "आमच्यावर येवढा बी भरवसा नाय व्हय?"

"आबा," डॉक्टर म्हणाले, "माझ्यावर बी नाय."

आबांनी ते मनावर घेतलं. पुढे कितीतरी वर्षं ते पंखांच्या जोडातल्या पिना तपासायला येत आणि माझ्यापेक्षा कडक होते. मी 'बघितलं' म्हणालो की ते परत बघत.

विमान थांबवलं ते दुष्काळानं नाही, शहरानं. जालना रोडनं शहर सरकत सरकत गावाला भिडलं. आधी प्लॉटच्या पाट्या आल्या, मग चुन्याच्या रेघा, मग घरं आणि पट्टीच्या टोकाला विजेचे उंच खांब. पाझर तलावात पुन्हा पाणी होतं आणि कडेची रानं विकली गेली होती. विमानाची आवड असलेली तरुण मंडळी सांगत, "काका, तारा चुकवता येतात की." एका संध्याकाळी डॉक्टर दुसरी जागा शोधायला निघाले. मीही सोबत होतो. अंधार पडेपर्यंत चाललो, कुंपणं ओलांडली, आणि ते म्हणाले, "नाय सापडली." दुसऱ्या दिवशी हवा लाख होती. पट्टी मोकळी होती, इंजिन नवंकोरं करून ठेवलं होतं. ते उडाले नाहीत. नंतरही कधीच नाही. विमान सुटं करून त्यांनी एका कॉलेजाला देऊन टाकलं. त्याचं त्यांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. गाडीत भाग चढवताना त्यांनी एकाही भागाला स्वतः हात लावला नाही.

डॉक्टर पुष्कळ जगले. शेवटी घरीच, अंथरुणावर, मुली-जावई आणि नातवंडं भोवती असताना गेले. दिवसभर माणसांची रीघ होती. संध्याकाळी मागच्या नव्या इमारतीतले एक गृहस्थ आले. त्यांनी डॉक्टरांना कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. हळू आवाजात त्यांनी वहिनींना विचारलं, "विमानातून पडले ना ते?"

जावई काहीतरी बोलणार होता, वहिनींनी त्याला हातानं थांबवलं. सकाळपासून खाली घातलेली मान त्यांनी वर केली. इतक्या ताठ बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ते कधीच पडले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "ते दर वेळी उतरले."