दूरची काच

वडील दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. गाडीतून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत हळूहळू ओढायचा, निघालेला धागा उन्हाकडे धरायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. शाळेत शिकवून परतताना मी फाटकातून पाहत असे. मला त्या हातांचा फोटो हवा होता. पण कॅमेरा दिसला की वडील कोटाचं वरचं बटण लावून, मुठी आवळून ताठ उभे राहत. मग मी ठरवलं, त्यांच्या नकळत लांबूनच टिपायचं. त्यासाठी टेलिफोटो लेन्स हवी होती.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी शाळामास्तर, आणि मास्तरला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय पास करवत नाही! यवतमाळच्या स्टुडिओतून जुने कॅटलॉग आणले, वहीत रकाने आखले. पश्चिम जर्मनीची लेन्स सगळ्यात नितळ, पण तिचं नाव काढायलाही ऐपत लागे. पूर्व जर्मनीची माझ्या कॅमेऱ्याच्या आट्यांत बसे, पण ऊन उतरलं की तिचा उपयोग नाही. जपानी स्वस्त आणि उजळ. तिच्यासाठी मात्र कॅमेराच बदलावा लागे, शिवाय जपानी माल म्हणजे खेळणी, असं जो तो म्हणे. झूम तर फक्त चित्रात पाहिली. एकशे पस्तीस मिलिमीटरची घ्यावी की दोनशेची, यात कापसाचा एक हंगाम गेला. मग दुसराही गेला.

वडिलांनी एकदा ती वही पाहिली.

“अबे, कागदावरून माल समजते काय? हातात घेऊन पाहा लागते. आन् फोटो कायचा काढाचा हाये तुले?”

“पाखरांचा,” मी म्हणालो. त्या खोटेपणाची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी नागपूरहून लेन्स आली, पूर्व जर्मनीची, वापरलेली. वरातीमागून घोडं.

वडील वारल्यावर जिनिंगचे मिस्त्री घरी आले. त्यांचे जुने सोबती. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मी त्यांना लेन्सची सगळी हकिकत सांगितली.

“लंबी काच कायले पायजे होती, बेटा? कापूस हातात असला का तुह्या बाबाले समोरचा बैल दिसत नोता. तू बाजूले येऊन उभा राह्यला असता, तरी त्याहीले मालूम नसतं पडलं.”

साधा कॅमेरा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. जिनिंग शाळेच्या वाटेवरच होतं. ते फाटक ओलांडून मी एकदाही आत गेलो नाही.

घरात वडिलांचा एकच फोटो आहे, मीच काढलेला. कोटाचं वरचं बटण लावलेलं आहे आणि दोन्ही मुठी मिटलेल्या आहेत.