कारंज्यात बनवलेला कॅनडा

"वहिनी आल्यापासून ऑफिसात मोकळं बोलता येत नाई बे. अन् त्या सोता तं बोलतच नाईत! पन पाहून घेजो संतोष, कॅनडावाले ज्याले कायमचं घेतीन ना, त्या ह्याच असतीन. सरची बायको हाय शेवटी."

हे माझ्यासाठी नव्हतं. मी मागच्या खोलीत पाणी भरत होते आणि भूषणला वाटलं, मी घरी गेले. संतोष हळूच म्हणाला, "चूप बे, ऐकतीन." मी ऐकतच होते. ग्लास भरून वाहायला लागला तरी तोटी बंद केली नाही, कारण तोटी बंद केली असती तर त्यांना कळलं असतं ना!

तेव्हा माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते आणि ऑफिसला तीन दिवस. ऑफिस म्हणजे कारंजा गावात बसस्टँडच्या रस्त्यावर, कृषी सेवा केंद्राच्या वरच्या दोन खोल्या. माणसं चार. अमोल, म्हणजे आमचे हे, मालक. भूषण चित्रं काढतो. संतोष गोष्टी लिहितो. मी इंग्रजीत एम.ए., म्हणून सगळ्यांचं इंग्रजी सरळ करते. काम एका ऑनलाइन गेमचं. जादूगार, राक्षस, ड्रॅगन, सगळं आहे त्यात. गेमवाली कंपनी कॅनडाची. त्यांना उत्तरेचं एक नवं राज्य जोडायचं होतं आणि त्या राज्यात जागोजागी कॅनडा दिसायला हवा होता. तिकडच्या क्लेअर मॅडमनी यादीच पाठवली. बर्फातली गावं, मेपलची झाडं, मूस नावाचा प्राणी, लाकूडतोड्यांची छावणी, असं बरंच. आणि सांगितलं, की काम आवडलं तर आमच्यातल्या एकाला कायमचं लेखक म्हणून घेऊ, गेम सुरू होताना पडद्यावर त्याचं नाव येईल.

संतोष मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याने हे ऐकल्यापासून दुसरं काही बोलणं सोडलं होतं. "तांड्यावरचं नाव अमेरिका-कॅनडात चमकन वहिनी," असं तो रोज एकदा तरी म्हणायचा. मी मान हलवायचे.

अशा ऑफिसात किस्से साठायला वेळ लागत नाही. खाली दुकानात खताच्या पोत्यांची थप्पी लागते, वर किश्श्यांची. बहुतेक किश्श्यांत मी हसते आहे. एक-दोन असे आहेत की तोंड लपवावंसं वाटतं. तेही सांगते.

* * *

बर्फ आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. भूषणने पाहिला होता तो गोळ्यावाल्याकडचा. तरी पठ्ठ्याने बर्फातलं गाव असं काढलं की बघत राहावं! पांढरी छपरं, धुराडी, मागे निळा डोंगर. आणि प्रत्येक घरासमोर, अंगणात, एक बाज टाकलेली.

व्हिडिओ कॉलवर क्लेअर मॅडमनी विचारलं, "हे पलंग घराबाहेर का आहेत?"

भूषण म्हणाला, "सर, सांगा त्याईले. हिवाळा हाय. मानूस ऊन खायले कुठं बसन?"

अमोलनी सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "उणे तीस अंशात?"

"मंग तं अजूनच लागन ना ऊन!"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा कॅमेरा पडला. म्हणाल्या, बाकीच्या काढा, एक राहू द्या. आता त्या राज्यात भर बर्फात एक बाज आहे. खेळणारे तलवारी बाजूला ठेवून तिच्यावर बसतात आणि फोटो काढतात. ती तिथे का आहे, हे जगात पाच जणांना माहीत आहे.

* * *

यादीत एक ओळ होती. कॅनडातली माणसं फार नम्र असतात, तुम्ही त्यांना धक्का मारलात तरी 'सॉरी' तीच म्हणतात.

भूषणला हे पटेना. "धक्का त्यानं मारला अन् सॉरी मी म्हनू? काहून?"

संतोष म्हणाला, "करून तं पाय. अनुभव पाह्यजे ना बे."

भूषण खरंच बसस्टँडवर गेला. मानोऱ्याची गाडी लागली होती. गर्दीत एका काकांनी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला चपलेसकट. भूषण हात जोडून म्हणाला, "सॉरी काका."

काका थबकले. त्यांनी भूषणला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग झटकन स्वतःचा खिसा चाचपला.

"काय काढलं बे तुनं?"

* * *

मूसचं काही फार सांगण्यासारखं नाही. फोटो पाहून भूषण म्हणाला, "हा तं आपला रोहीच हाय, फक्त शिंगं मोठी." म्हणून आमचे मूस नीलगायींसारखे कळपाने आले आणि त्यांनी एका दिवसात उत्तरेच्या राज्यातली सगळी पिकं फस्त केली. खालच्या दुकानात बियाणं घ्यायला आलेले एक बाबा वर डोकावले, स्क्रीनकडे बघून गंभीर झाले आणि म्हणाले, "तलवारीनं नाई जमत बाप्पा. झटका मशीन लावा."

लावलं! आता तिथल्या जादूगारांकडे कुंपणाला झटका द्यायचा मंत्र आहे.

* * *

हा किस्सा माझा आहे. म्हणजे चूक माझी आहे.

बर्फातल्या गावात एक म्हातारी असते, ती वीराला, म्हणजे खेळणाऱ्याला, कामगिरी सांगते. यादीत लिहिलं होतं की ती पाहुण्यांची आपुलकीने चौकशी करते. ती म्हातारी मला लिहायला दिली. मी ती एका बैठकीत लिहून काढली. अमोलना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. नव्या सुनेला चौकशी लिहायला कितीसा वेळ लागतो!

म्हातारी विचारते, कोणाचा तू? गाव कोणतं? लग्न झालं? किती दिवस झाले? मग अजून काही नाही? डॉक्टरला दाखवलं का? एवढं सगळं झाल्यावर ती तलवार देते.

आठवड्याने एका खेळणाऱ्याची तक्रार आली. भूषणने ती मोठ्याने वाचली. "मी ड्रॅगन मारायला आलो होतो. या बाईने मला मूल का नाही, हे चार वेळा विचारलं. मी गेम बंद केला आणि मन हलकं करायला आईला फोन लावला. तिनेही तेच विचारलं."

भूषण आणि संतोष पोट धरून हसले. अमोल हसले नाहीत. त्यांनी म्हातारीचे प्रश्न पुन्हा वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसायला घेतली.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकू घरी आल्या. माझ्याकडे वळून त्या तोंड उघडणार, तेवढ्यात अमोल म्हणाले, "काकू, आधी चहा घ्या. मंग क्रिकेटवर बोलू."

काकूंना क्रिकेट कळत नाही. बिचाऱ्या अर्धा तास ऐकत बसल्या.

* * *

लाकूडतोड्यांच्या छावणीला मात्र संतोषने कोणाला हात लावू दिला नाही. "हे माह्यावर सोडा," म्हणाला. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तो स्वतः दहावीपर्यंत दर वर्षी अर्धी शाळा बुडवून उसाच्या फडावर असायचा. तिकडचे लाकूडतोडेही म्हणे हिवाळाभर घर सोडून जंगलात राहायचे. फरक कुऱ्हाडीचा आणि कोयत्याचा.

त्याने वऱ्हाडीतच लिहिलं, वहीत, पेनाने. पहाटेची मुकादमाची शिट्टी. दाराच्या खिळ्याला टांगलेली लेकराची टोपी. आणि शेवटचा प्रसंग असा. छावणी उठायचा दिवस असतो. लाकूडतोड्याची बायको वीराला म्हणते, मला झाडू शोधून दे. वीर म्हणतो, उद्या तर ही झोपडी मोडणार, झाडतेस कशाला? ती म्हणते, "पाच महिने राह्यलो ना इथं."

बस, एवढंच. ना ड्रॅगन, ना जादू. मी ते इंग्रजीत केलं. करताना दोनदा थांबले. फाइल माझ्या लॉगिनवरून गेली, म्हणून वर नाव माझं पडलं.

दुसऱ्या दिवशी कॉलवर क्लेअर मॅडमचे डोळे ओले होते. त्यांचे आजोबा लाकूडतोडे होते म्हणे. "हे कोणी लिहिलं?"

अमोल फुलून गेले. "माय वाइफ!" आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

संतोष माझ्या उजव्या हाताला बसला होता, कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी हात जोडून नमस्कार केला!

मॅडम म्हणाल्या, किती विनयशील मुलगी आहे.

कॉल संपल्यावर संतोष म्हणाला, "बरं झालं वहिनी. इंग्रजी तं तुमचंच होतं ना." तो टोमणा असता तर मला झोप लागली असती. टोमणा नव्हता.

घरी मी अमोलना विचारलं, असं का केलं. भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "अगं, फाइलवर तुझंच नाव होतं, माह्या तोंडातून निघून गेलं. आता बदललं तं त्याईले वाटन आपन फसवतो. अन् संतोषले बोलता कुठं येते इंग्रजी? त्या कॉलवर अडकून बसन पोरगा. त्याले दुसरं काहीतरी देऊ."

मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. सासूबाई म्हणाल्या, सून गुणाची आहे, उलटून बोलत नाही.

* * *

पुढच्या आठवड्यात संतोषची आई कारंज्याच्या बाजाराला आली. नुकतीच फडावरून परतली होती. संतोष तिला याडी म्हणतो. त्याने तिला वर आणलं आणि स्क्रीनवर छावणी दाखवली. भूषणने तिच्यासाठी मुद्दाम खुर्ची पुसली.

तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दार चुकलं पोरा. वारा सारा आत येईन."

भूषणने तिथल्या तिथे दार दुसऱ्या बाजूला केलं. ऑफिसात त्याचं चित्र इतक्या लवकर कोणी बदलून घेतलेलं नाही, क्लेअर मॅडमनीही नाही.

मग झाडूचा प्रसंग आला. संतोष तिला वाचून दाखवत होता. ती एकदम म्हणाली, "हे तं मी करतो! शेवटच्या दिवशी. तुह्या बापाच्या शिव्या खाऊन करतो. हे कोनं लिवलं?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं नाही. "वहिनीनं," तो म्हणाला.

याडी उठून माझ्याजवळ आली. माझा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला. तळवे असे खरखरीत की गालाला टोचले.

"तुह्या मायबापानं बी लय कोयता चालवला असन, पोरी."

माझ्या बाबांचं धनज गावात स्वतःचं ओलिताचं वावर आहे. आमच्या घरी कोयता निघतो तो नारळ सोलायला. मला हे सांगता आलं असतं. संतोषही सांगू शकला असता, त्याला धनज माहीत आहे. मी खाली वाकून तिच्या पाया पडले, म्हणजे माझं तोंड कोणाला दिसणार नाही.

तिने आशीर्वाद दिला. जाताना बाजारातल्या बोरांतली ओंजळभर बोरं माझ्या टेबलावर ठेवून गेली. भूषणने मागितली तर त्याला म्हणाली, "तुले दार नाई लावता येत, तुले कायची बोरं?"

ती बोरं मला खाववली नाहीत. टाकवलीही नाहीत.

* * *

आणि हा शेवटचा.

शुक्रवारी संध्याकाळी सातला कॉल होता. क्लेअर मॅडमबरोबर आज त्यांचे दोन साहेबही होते, म्हणून अमोलनी शर्टाला इस्त्री केली होती आणि भूषणने पहिल्यांदाच पायांत बूट घातले होते. कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, आमचं ठरलं. लेखक म्हणून नाव जाईल ते याच मुलीचं. अमोलनी टेबलाखाली माझा हात दाबला. भूषणने टाळ्या वाजवल्या, आणि मग संतोषकडे पाहून त्या मधेच थांबवल्या.

संतोषने वही बंद करून पिशवीत ठेवली. "मी खाली चहाचं सांगून येतो," तो म्हणाला आणि उठला.

मॅडम विचारत होत्या, "एकच सांग. उद्या मोडायची झोपडी ती बाई आज का झाडते? मी हे माझ्या आईला वाचून दाखवलं. तिलाही हेच विचारायचंय."

अमोलनी लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. दोन साहेब, मॅडम, सगळे थांबले. मी स्क्रीनकडे पाहत होते आणि कान जिन्याकडे होते. संतोषच्या चपला दारात होत्या. त्याने एक पाय घातला. दुसरा घातला.

मी मॅडमना इंग्रजीत म्हणाले, "हे माझं नाही. मी फक्त भाषांतर केलं, आणि त्या दिवशी गप्प बसले." आवाज इतका मोठा निघाला की खालच्या दुकानातलं बोलणं थांबलं. अमोल माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या हातून लॅपटॉपची कड सुटली. मी खुर्चीवरून उठले, ती दाराच्या दिशेने वळवली आणि म्हणाले,

"संतोषभाऊ, चहा राहू द्या. इथं बसा. मॅडम इचारून राह्यल्या, याडी खोपी काहून झाडते. तुमी तुमच्या बोलीत सांगा, मी त्याईले इंग्रजीत सांगते."