रानभात ओळखणारी

"वळख!"

चिखलानं माखलेली दोन रोपं म्हातारी थेट माझ्या नाकासमोर धरायची. एक भाताचं, दुसरं रानभाताचं. रानभात म्हणजे भातातच उगवणारं तण. दिसायला हुबेहूब भात, पण पिकायच्या आधीच दाणे चिखलात सांडून मोकळं होतं. मी एका रोपाकडे बोट दाखवायचो आणि ती बांधावर बसून पोट धरून हसायची. "मास्तर, उपाशी मरशील रं!"

खालापूरच्या अलीकडे आमची शाळा, आणि शाळेच्या खिडकीला लागून तिचं भातखाचर. बेणणीला बायकांची ओळ लागली की तण उपटण्यात सगळ्यांत पुढे ही. बाया म्हणत, म्हातारीला माणूस वळखू येत नाय, रोप वळखू येतं. खरंच होतं. मला पोस्टमन समजून तिनं दोनदा पत्र मागितलं होतं.

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. पिशवीत विज्ञान चळवळीची पत्रकं, डोक्यात आग. नववीला उत्क्रांती शिकवली आणि गावात बोंब उठली: मास्तर आमच्या वाडवडिलांना माकडं म्हणतो! शाळेला जागा देणारे तात्या हेडमास्तरांकडे आले. "तो धडा वगळा." हेडमास्तर लगेच तयार. मी खिशात राजीनामा घालून पालकसभेला गेलो आणि पत्रकांच्या भाषेत अर्धा तास कडाडलो. अशी भाषणं तुम्हीही ऐकली असतील. समोर एक मान हलली नाही, जांभया मात्र बऱ्याच आल्या.

म्हातारीची नात माझ्या वर्गात, म्हणून तीही खाचरातून तशीच आली होती. पावसाचं इरलं दाराशी टेकवून बसलेली ती उठली आणि तात्यांपुढे दोन रोपं धरली.

"वळखा."

तात्यांचा जन्म भातशेतीत गेलेला. "हे भात," म्हणत त्यांनी ऐटीत एक उचललं. तिनं पदरानं बुडखा पुसला. चिखलाखाली पुसटशी लाली. रानभात!

सभा खदखदून हसली.

"माज्या आजेसासूच्या टायमाला हे बांधावरनं वळखू यायचं," ती म्हणाली. "वळखलं ते आमी उपटलं. भातावानी दिसलं ते वाचलं, त्याचंच बी पडलं. दर साल असंच. आता तात्यांनाबी फसवतं. ही अक्कल त्याला कुणी दिली? कुणी नाय. मास्तर ह्येच सांगतो, पण वरडतो लई."

तात्यांनी हातातलं रोप उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "शिकवा. पण माकड शेवटी घ्या."

राजीनामा खिशातच चुरगळला. तेव्हापासून माझा धडा तिच्या बांधावर सुरू होतो. नंतर दोन्हींची पानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पेशी सारख्याच दिसतात. एकदा तिलाही बोलावलं. एक डोळा घट्ट मिटून तिनं पाहिलं. "आतनंबी भावंडंच की रं ही!" असं एक वाक्य माझ्या साऱ्या पत्रकांत नव्हतं.

गेल्या वैशाखात ती गेली. यंदा बेणणीच्या ओळीत पुढे, तिचंच इरलं घेऊन आलेली तिची नात होती. मी वर्ग घेऊन खाचरात उतरलो, पोरांना म्हटलं, "हे बघा रानभात," आणि छाती फुगवून एक रोप उपटलं. नातीनं ते हातातून घेऊन बुडखा पुसला. पांढरा स्वच्छ.

"सर, हे भात हाय."

मी ते परत चिखलात रोवलं, आणि आता म्हातारीचं हसू ऐकू येईल म्हणून बांधाकडे पाहिलं. तिथे नुसतं तिचं इरलं टेकवलेलं होतं.