राखण

परळच्या आमच्या चाळीत शेजारच्या गिरणी कामगाराचा थोरला भाऊ गावाहून आला होता. शेतकरी माणूस. झोप उडाली, जेवण सुटलं, म्हणून धाकट्यानं इथल्या इस्पितळात दाखवायला आणलेला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. विश्रांती म्हणे! बसून राहणं हाच ज्याचा आजार, त्याला आणखी बसवलं. तो दिवसभर गॅलरीत असायचा. कठड्यावर कबूतर आलं की गोफण फिरवल्यासारखा त्याचा हात वर जायचा आणि अर्ध्यातच खाली यायचा.

एकदा संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा खालून निघाला. गॅलरीतून आम्हीही घोषणा देत होतो. तो दचकून उठला.

"कुणाच्या रानात पाखरं पडली हो?"

"पाखरं नाहीत काका. मुंबई आपल्याला मिळावी म्हणून ओरडतायत."

तो खाली बघत राहिला.

"मी बी आक्खा हंगाम मचाणावर हुबा राहून वरडलो. येक पाखरू बसू दिलं न्हाई. पर कणसात दाणाच भरला न्हाई. आता राखायला कायबी उरलं न्हाई, तरी डोळा लागत न्हाई."

मोर्चा लांब गेला. कठड्यावर कबूतर येऊन बसलं, अगदी त्याच्या कोपराजवळ.

त्याचा हात हलला नाही.