पाठीचं ऑपरेशन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या माहेरच्या गावात, फैजपूरपासून जवळच, निंबाला मोठा झोका बांधतात. माहेरी आलेल्या लेकी दुपारभर त्यावर असतात. उभ्याने झोका चढवण्यात माझा हात धरणारी कोणी नव्हती. आठवीत गेले आणि अंग एकदम भरलं, नको तितकं भरलं. त्या वर्षी झोका वर गेला की समोरच्या ओट्यावरची पोरं एकमेकांना कोपराने ढोसून हसायची. मी खाली उतरले ती उतरलेच. पुढे प्रत्येक आखाजीला मी दुसऱ्यांना झोके देत राहिले आणि सगळ्या म्हणायच्या, हिला आता हौस राहिली नाही. हौस कुठे जाते? ती होतीच.

लग्न होऊन धुळ्याला आले, शाळेत शिकवायला लागले. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की मान आखडायची. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडले होते. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलून निघायची आणि वर्गात खाजवता येत नाही, हे दुःख कोणाला सांगावं? कपडे शिवणारी बाई माझं माप घेताना टेप दोनदा बघायची, तेव्हा तिचाच मला राग यायचा. पाठदुखी म्हणून मी कितीतरी डॉक्टर केले. नवरा म्हणायचा, ‘‘तुला बाम चोळून चोळून माझ्या बोटांच्या रेषा गेल्या.’’

शेवटी हाडांच्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फोटो बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं, ‘‘पाठ चांगली आहे तुमची. ओझं पुढे आहे. ते कमी करता येतं.’’ मला आधी हसू आलं, मग रडू आलं. इतकी वर्षं हे एवढं साधं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा.

ऑपरेशन ठरल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, ‘‘कर. पन गावात पाठीचं सांगू.’’ हे नाव तिला इतकं चटकन सुचलं की मला तिचं कौतुकच वाटलं.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या एका स्तनात कॅन्सरची गाठ निघाली होती. छाती भारी होती म्हणून डॉक्टरांनी एकाच ऑपरेशनमध्ये गाठही काढली आणि दोन्ही बाजू लहान करून सारख्या केल्या. पुढे तिला रेडिएशनचा शेक घ्यायचा होता. तरी बाई मजेत. कोणी भेटायला आलं की पदर सावरून आधी गाठीचीच गोष्ट सांगायची. मी हळूच विचारलं, सगळ्यांना कशाला सांगता? ती म्हणाली, ‘‘लाज धरीसन बसनू, तर गाठ मोठी व्हई गई. आते मी बठ्ठासले सांगस.’’

मी मात्र पाठीलाच चिकटून होते आणि त्याची फळं भोगली. घरी आल्यावर माहेरचे लोक गाडी करून भेटायला आले. एकाने पाठीचा पट्टा आणला, एकाने तेल. काकूंनी माझी गादी काढून मला फळीवर झोपवायचा घाट घातला. पुढे टाके, मागे पाहुण्यांचा हात, आणि मी ‘आता बरं आहे’ म्हणत हसते आहे. नवरा स्वयंपाकघरात जाऊन हसून यायचा.

पण टाके सुटले, सूज उतरली, आणि एके दिवशी फळा भरून लिहिला तरी मान दुखली नाही. बसमागे धावले. जोरात धावले, दोन्ही हात मोकळे सोडून. तेव्हाच ठरवलं की डॉक्टर हो म्हणाले तर या आखाजीला झोक्यावर चढायचं.

डॉक्टर हो म्हणाले. गाव नाही म्हणालं. मी दोराला हात घातला आणि शेजारच्या अक्कांनी माझा दंड धरला. ‘‘काबरं व माय, पाठीचं ऑपरेशन झालं ना तुह्यं? मणका सरकला म्हंजे?’’ बाकीच्याही सरसावल्या. आई दोर धरून खाली बघत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यासाठी एवढं केलं, त्याच्यापासूनच मला आमच्याच थापेने अडवलं होतं. साक्रीची बाई आठवली.

‘‘पाठीचं नाही,’’ मी म्हटलं. ‘‘छातीचं झालं. फार भारी होती, कमी करून घेतली. पाठ दुखायची ती त्यानेच.’’

अक्कांनी माझ्याकडे वरून खाली एकदा नीट पाहिलं. मग दंड सोडला आणि म्हणाल्या, ‘‘मंग चढ.’’

चढले. पाय टेकवून रेटा दिला, गुडघे वाकवले आणि झोका पलीकडची केळीची बाग दिसेपर्यंत वर नेला. ओट्यावर कोणी पोरं होती की नाही, मला माहीत नाही. खाली बायकांच्या चौकशा सुरू झाल्या होत्या, कोणाची बहीण, कोणाची सून, दुखतं का फार. मी वरूनच उत्तरं देत होते.

उतरले तेव्हा आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तीही माझ्यासारखीच, अंगाने भरलेली, कायम पुढे वाकून चालणारी. मी जन्मल्यापासून तिची पाठ दुखते आहे. आम्ही ते शेतातल्या कामाचं समजत होतो. तांब्या माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, ‘‘माह्या वयात करता का व ते?’’

‘‘विचारू की डॉक्टरांना,’’ मी म्हटलं. ‘‘पण या वेळी पाठीचं सांगायचं नाही.’’